ओल्या कापडाचं माप

३ फेब्रुवारी, मंगळवार

सगळ्यांत आधी टपकली ती शेजारची शिवणवाली. पाहुणे दहाला यायचे होते, ही नऊलाच दारात. "मावशी, दोन कांदे द्या ना." हिच्या घरात कांदे संपलेले मी कधी पाहिले नाहीत, कालच तर पिशवीभर घेऊन जिना चढत होती. खरी गोष्ट अशी, की सूनबाई काल फोनवर "सोनोग्राफीचं मशीन घरीच घेऊन येणार आहेत" म्हणाली, ते हिने ऐकलं. आमच्या दोन घरांमधली भिंत म्हणजे नुसता कागद. आत येऊन माझ्या कानाला लागली, "कितवा?" मी कांदे निवडत होते. मला वाटलं, महिना विचारतेय. म्हटलं, "दुसरा." फेब्रुवारी दुसराच ना? बाई इतकी खूश झाली, की कांदे न घेताच पळाली. संध्याकाळी तळमजल्यावरच्या म्हातारबुवांनी जिन्यात माझ्या मुलाचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मशीन पोटासाठी नव्हतंच, पायांसाठी होतं. तेच तर लिहायला बसले आणि कांद्यात अडकले. माझं असंच होतं. शाळा तिसरीपर्यंत, अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेलेली. सूनबाईच्या चष्म्याच्या दुकानात दरवर्षी डायऱ्या वाटतात, त्यातली ही एक. कोरी पानं टाकवत नाहीत आणि हात रिकामा ठेवणं मला जमत नाही.

आमची भिंगरी सात वर्षांची. दिवस भरायच्या आत घाईने आली. मेंदूचा निरोप पायांपर्यंत नीट पोचत नाही, त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. हे दोन शब्द तोंडात बसायला मला किती दिवस लागले, आता झोपेतही म्हणेन. डोकं तल्लख, जीभ माझ्याहून लांब, पण पोटऱ्या आखडलेल्या. टाच जमिनीला टेकत नाही, चवड्यांवर उभी राहते, भिंत धरून चालते. पायाला भिंगरी माझ्या, नाव पडलं तिला.

हाडांचे मोठे डॉक्टर म्हणतात, टाचेमागची ती दोरीसारखी शीर कापून लांब करू. पण कापली की पोटरी आणखी दुबळी होण्याची भीती. म्हणून त्यांनी आजच्या या दोन पाहुण्यांना पाठवलं. आधी एकदा मशीनने स्नायू मोजायचा, मग व्यायाम, मग पुन्हा मोजायचं, मग पुन्हा. स्नायू वाढताना दिसला, तर कापायची घाई नाही, व्यायामच चालू ठेवायचा. नाही वाढला, तर शाळेला सुट्टी लागली की ऑपरेशन. त्यांचं असं सरळ आहे. माझंही सरळ आहे. माझ्या पोरीच्या पायाला सुरी लागू द्यायची नाही.

दोघं आले. एक मोजणारी, चष्म्याची, बारीक अंगाची, बोलता बोलता केस कानामागे सारणारी. दुसरा हातात मशीनची पेटी घेतलेला पेटीवाला, एवढा उंच की आत येतानाच चौकटीवर डोकं आपटलं. भिंगरी खुदकन हसली आणि त्या क्षणापासून ते दोघे मित्र.

मी भिंगरीला खाटेवरून उचलून त्यांच्याजवळ आणलं. मोजणारी म्हणाली, "आजी, येऊ द्या ना तिला चालत." मी म्हटलं, "अहो, तुम्ही खोळंबाल." तिला पालथं झोपवलं, पाय कडेबाहेर. पोटरीवर पेनने खूण केली, वर थंडगार जेली थापली. "आज्जी, गोगलगाय चालतेय!" भिंगरी ओरडली. मोजणारीच्या हातात लहान इस्त्रीसारखी मूठ असते, ती नुसती टेकवल्यासारखी धरायची. जोरात दाबली तर स्नायू चपटा होतो आणि माप चुकतं. मी श्वास रोखून बघत होते. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हललं. दणकट स्नायू म्हणे काळसर दिसतो. भिंगरीचा धुरकट होता, धुक्यातल्या रस्त्यासारखा. आणि पातळ. मांडीचाही तसाच.

मी हिरमुसले ते पेटीवाल्याने ओळखलं असणार. म्हणाला, "आजी, तुमचा पाय बघू या का? तिला गंमत दाखवू." मी नको नको म्हणत लगेच पाय पुढे केला! माझी पोटरी पडद्यावर आली ती काळीभोर, जाड, रेघा कशा आखल्यासारख्या. तो मोजणारीकडे बघत म्हणाला, "या वयाला? आजी, तुम्ही पळण्याच्या शर्यतीत भाग घेता की काय?" मी म्हटलं, "शर्यत कसली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. माझा मुलगा साऱ्या गावाच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि आमच्याच इमारतीला लिफ्ट नाही. हिला शाळेच्या बसला सोडायचं, आणायचं, खाली खेळायला न्यायचं. कडेवर घेऊन किती चकरा होतात, देव जाणे."

मोजणारीने केस कानामागे सारले आणि पेटीवाल्याकडे बघितलं. त्याने काहीतरी टिपून घेतलं. माझी पोटरी आवडली त्यांना. दिवसभर मी हवेत होते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

व्यायाम रोजचा. बुटक्या स्टुलावरून उठायचं, बसायचं, अंगात वाळूच्या खिशांचं जाकीट. मग पायरीवर चढायचं, उतरायचं. मोजणारीने सांगितलंय, दमेपर्यंत, आणि आपलं आपण. भिंगरीचा चेहरा लाल होतो, ओठ थरथरतात. मला बघवत नाही. मी आपली मागून काखेत हात घालून हलकासा टेकू देते. हलकासाच. सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही उचललंत तर मोजणार कोणाला?" मी म्हटलं, "अगं, दोघींचा मिळून होतो व्यायाम." तिला हसू आलं नाही. तिला हल्ली कशाचंच येत नाही.

व्यायामानंतर मी तेल चोळते. माझा भरवसा तेलावर जास्त. शिवणवाली बाळाच्या अंगड्याचं कापड घेऊन आली होती, मापं विचारायला. तिला सगळं समजावून परत पाठवलं. जाताना म्हणते, "मग पुढे-मागे लागेलच की."

९ फेब्रुवारी, सोमवार

जेवताना वाजलं. मुलगा म्हणतो, एकदाचं ऑपरेशन उरकून टाकू, माझ्या साहेबाच्या भाच्याचं झालं, पोरगा आता चेंडू खेळतो. सूनबाई म्हणते, प्रत्येक पाय वेगळा असतो. तो म्हणतो, वाट बघून टाच आणखी वर जाईल. ती म्हणते, घाई करून पाय आणखी दुबळा होईल. मी मध्ये पडले, "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग, आणि इथे तर गुडघाच वाकडा." भिंगरी एवढी हसली, की तिच्या नाकातून पाणी आलं. पण मुलगा ताट सोडून गॅलरीत गेला. मी मागे गेले तर कठड्याचा सैल स्क्रू पिळत बसला होता. म्हणाला, "आई, यंत्र बिघडलं की मला कळतं काय करायचं. हिच्या बाबतीत काही कळत नाही." मी त्याला दुसरा सैल स्क्रू दाखवला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पडल्या पडल्या लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

दुपारी भिंगरीला बसमधून उतरवून कडेवर घेतलं, पहिला मजला चढले आणि पाठीत चमक आली. अशी, की डोळ्यांपुढे मोजणारीचा पडदाच उभा राहिला, काळ्या-पांढऱ्या रेघा. तिला कसंबसं खाली ठेवलं आणि पायरीवरच बसले. इमारतीत त्या वेळी चिटपाखरू नाही. शिवणवाली नेमकी बाहेर. एरवी दिवसभर दाराला डोळा लावून असते, पण पाहिजे तेव्हा ती कुठे मिळणार!

भिंगरी म्हणाली, "आज्जी, तू रडतेस?" म्हटलं, "नाही गं, घाम आहे." तिने कठडा धरला. एक पाय वर, मग दुसरा, मग थांबायचं. मी खालून बसल्या बसल्या हात पुढे करत होते, जणू माझा हात रबराचा आहे. "पडशील गं, थांब, कोणीतरी येईल." ती थांबेल तर शपथ. वरून आवाज आला, "पोचले!" मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा आवाज, "आज्जी, किल्ली तुझ्याकडे!"

मग ती खाली उतरून आली, किल्ली घेतली आणि पुन्हा गेली. मला त्या पायरीवर मरणाची लाज वाटली. सात वर्षांच्या पोरीला चालवलं मी.

२२ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून दटावलंय. वजन म्हणजे कोण, ते सगळ्यांना माहीत आहे.

पडून राहणं म्हणजे काय शिक्षा! छतावरचे डाग पाठ झाले. एक बदकासारखा आहे, एक आमच्या थोरल्या नणंदेच्या नाकासारखा. घरात काय चाललंय ते नुसतं ऐकायचं. भिंगरी भिंतीला धरून न्हाणीघरात जाते, त्याचा सर्रसर्र आवाज. स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी पाणी आणते, अर्धा पेला मला, अर्धा फरशीला. शाळेत जाता-येता जिना तिचा ती चढते, मुलगा किंवा सूनबाई नुसते मागे उभे. संध्याकाळी सूनबाई व्यायाम घेते, टेकूबिकू काही नाही. परवा पोर रडली. मी आतून ओरडले, "पुरे आता, जल्लादासारखी काय वागतेस!" मग भिंगरीचाच आवाज, "आई, अजून एकदा."

तेल चोळायला मला वाकता येत नाही. सगळं वाया जाणार. पुढच्या मापाला ही पोर नापास होणार, आणि ते माझ्या पाठीमुळे.

८ मार्च, रविवार

बसता येतं, उभं राहता येतं, हळूहळू चालता येतं. उचलायचं मात्र नाव नाही. आज खाली बागेच्या बाकावर आम्ही दोघी. ती एका झाडाला हात लावायची, तिथून दुसऱ्या झाडाकडे हात सोडून जायची, मग तिसऱ्या. दोनदा आपटली. मी उठेपर्यंत ती उठलेली असायची. गुडघा फुटला तर मला दाखवते कसली, जसं काही बक्षीस मिळालंय.

१४ मार्च, शनिवार

मंगळवारी ते दोघे येणार. माझ्या जिवाला थारा नाही. डबे घासले, पुन्हा घासले. आता वाकता येतं म्हणून आजपासून तेल सुरू केलं, पण तीन दिवसांच्या तेलाने काय होणार? सूनबाई ताटात बोट फिरवत बसते, मुलगा काही विचारतच नाही. पाहुणे यायचे म्हणजे आपण घर झाडतो, पोरांना न्हाऊ-माखू घालतो, केस विंचरतो. मग पायाचंही काहीतरी करायलाच हवं.

१७ मार्च, मंगळवार

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

नीट सांगते. मुलगा आणि सूनबाई कामावर गेल्यावर मी भिंगरीला हाताशी धरलं. आधी गरम पाण्यात टॉवेल पिळून पोटऱ्यांना आणि मांड्यांना गुंडाळले. मग तेल. मग स्टुलावरून उठाबशा, मग जिना खाली, जिना वर, पुन्हा खाली. म्हटलं, "आज मोठी परीक्षा आहे गं, पाय कसे जागे पाहिजेत." पोर दमली पण हूं का चूं केलं नाही. शेवटचा जिना चढून आत आली आणि पाठोपाठ पेटीवाला, डोकं आपटून. त्यांना पुढे आणखी एका घरी जायचं होतं, गडबडीत होते. लगेच जेली, लगेच मूठ.

मोजणारीने पडद्यावर रेघ ओढली, आकडा बघितला, पुसला, पुन्हा ओढली. पेटीवाल्याला म्हणाली, "तू घे एकदा." त्यानेही घेतलं. पोटरी वाढलेली, मांडी तर त्याहून जास्त. इतक्या आठवड्यांत इतकी वाढ त्यांनी बघितली नव्हती म्हणे. मोजणारीने चष्मा काढून पुसला. मोठ्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, असं असेल तर सुट्टीत कापायला नको, व्यायामच चालू ठेवा. आणि मोजणारी म्हणते, "तिच्यासारख्या इतर मुलांनाही आता हाच व्यायाम द्यायचं बघू."

सूनबाईला दुकानात फोन केला. म्हणाली, "आई, खरं ना?" म्हटलं, "अगं, मशीन खोटं बोलेल का?"

१८ मार्च, बुधवार

सूनबाई गाणं गुणगुणत होती. लग्नाला दहा वर्षं झाली, हिला गाता येतं हे मला आज कळलं. ऑपरेशनसाठी टाकलेली रजा मागे घेतली, भिंगरीला साधे बूट घेऊन आली, दुकानात सगळ्या पोरांना मिळतात ते, लाल. मुलाने भिंगरीला खांद्यावर बसवून नाचवलं.

शिवणवाली चहाला बसली होती. मी तिला माझी युक्ती सांगितली, टॉवेल, तेल, जिना, सगळं रंगवून. ती दातांनी दोरा तोडता तोडता थांबली. म्हणाली, "मावशी, कापड ओलं असताना मी कधी माप घेत नाही. घेतलं तर वाळल्यावर आटतं आणि अंगाला बसत नाही."

मी म्हटलं, "पाय म्हणजे काय कापड आहे?"

"नाही बाई," ती म्हणाली, "मला आपलं कापडातलं कळतं."

चहा मला कडू लागला.

२० मार्च, शुक्रवार

शिवणवालीची टेप मागून आणली. पडद्याला झालर करायची म्हणून सांगितलं. सकाळी भिंगरी अंथरुणात असतानाच पोटरीला गुंडाळली. मग जिना चढउतार करून आल्यावर पुन्हा. फरक होता. फार नाही, पण होता. मग ती दुपारी चित्रं काढत बसली, उठल्यावर पुन्हा गुंडाळली. उतरलेली. जिथे सकाळी होती तिथे.

भिंगरी म्हणते, "आज्जी, माझ्या पायाला झालर करणार तू?"

टाच अजून जमिनीला टेकत नाही. हे तर माझ्या डोळ्यांनाही दिसत होतं, त्याला मशीन कशाला हवं होतं?

२१ मार्च, शनिवार

कपाटं रिकामी केली, पुन्हा लावली. स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे मांडले. सूनबाई म्हणाली, "आई, पाठ सांभाळा." म्हटलं, "पाठीला काय धाड भरलीय." सांगितलं तर हिचं गाणं जाईल. नाही सांगितलं तर? शीर आणखी आखडेल, टाच आणखी वर जाईल, आणि सगळे म्हणत राहतील, पाय सुधारतोय, मशीनने सांगितलंय. आणि ती इतर पोरं. त्यांच्याही आज्ज्या असतील.

पाय धरून पोरीला मी वर ओढतेय की खाली, हेच मला कळेना झालंय.

२३ मार्च, सोमवार

भिंगरीकडून फोन लावून घेतला. मोजणारीचं कार्ड फ्रिजवर चिकटवलेलं आहे. मी फोनवर ओरडून बोलते, ते मला माहीत आहे, पण माणूस लांब असलं की आवाज आपोआप चढतो.

"बाळा, मी भिंगरीची आजी! त्या दिवशीचं माप ओलं होतं!"

"काय ओलं होतं, आजी?"

मग सगळं सांगितलं. टॉवेल, तेल, जिना. आधी ती हसली. मग टॉवेल किती वेळ, जिना किती वेळा, ते एकेक विचारून घेतलं. ते विचारणं मला हसण्यापेक्षा जड गेलं. म्हणाली, "आजी, काम केल्यावर स्नायू थोडा वेळ फुगतो. म्हणून मोजायच्या आधी अर्धा तास निवांत पडून राहायचं असतं. आम्ही विचारायला हवं होतं, गडबडीत विसरलो. चूक आमचीही आहे."

"मग आता ऑपरेशन?"

"आता काहीच माहीत नाही. शुक्रवारी येऊन पुन्हा मोजतो. आणि आजी, फोन केलात ते फार बरं केलंत."

बरं केलं म्हणे. संध्याकाळी सूनबाईला सांगायचं राहिलंच होतं. ती भाजी चिरत होती. मी सांगत गेले, तिची सुरी चालतच राहिली, एकाच लयीत, सगळी भाजी संपली तरी रिकाम्या पाटावर. मग सुरी ठेवली. म्हणाली, "तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त भीती वाटते, हे मला माहीत नव्हतं." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. लाल बूट खोक्यात घातले आणि खोकं कपाटावर.

मुलगा म्हणाला, "आई, तू पण ना." मग सगळे डबे का उंचीप्रमाणे लावलेत, हे त्याला समजलं असावं, कारण तो उठून माझ्याजवळ येऊन बसला.

२७ मार्च, शुक्रवार

शिवणवाली आज आलीच नाही. पण तिच्या दाराखालून पावलांची सावली दिसत होती.

मुलगा आणि सूनबाई दोघंही घरी थांबले. पेटीवाला वाकून आला, डोकं वाचलं, भिंगरीने टाळ्या वाजवल्या. मोजणारीने तिला पालथं झोपवलं आणि सांगितलं, आता अर्धा तास काही नाही. मी उठायला लागले तर म्हणाली, "आजी, तुम्हीपण बसा. तुम्ही हललात की ती हलते." मी हात मांडीखाली घालून बसले. बाहेर कोणाचा तरी नळ वाहत होता. गॅलरीत धुणं वाळलं होतं. मी नुसती मान वळवली.

"आज्जी, तू हललीस!"

"मान हलवली गं, पाय नाही."

"मानपण नाही."

असा अर्धा तास मी जन्मात काढला नव्हता. त्यात एक गोष्ट झाली. नुसतं बसून मी पहिल्यांदाच तिच्या पायांकडे बघितलं. तेल नाही, टॉवेल नाही, नुसते पाय. डाव्या गुडघ्यामागे तीळ आहे. मांडीला जिन्याच्या कठड्याचे, झाडांचे, फरशीचे ओरखडे. कडेवरच्या पोरीला असे ओरखडे येत नाहीत.

मग जेली, मूठ, रेघ. मोजणारीने तीनदा घेतलं. सूनबाईने मुलाचा हात धरला होता, मी तिकडे बघितलं नाही.

पोटरी त्या दिवसापेक्षा उतरलेली, पण पहिल्या मापापेक्षा काडीभर जास्त. काडीभर म्हणजे खरोखर काडीभर, आगपेटीतली. "थोडंच आहे," मोजणारी म्हणाली, "पण खरं आहे." मग मांडी. मांडी मात्र चांगली वाढलेली, निवांत असूनही वाढलेली. तिला नवल वाटलं. "नुसत्या स्टुलावरच्या उठाबशांनी आणि एका पायरीने एवढी? ही तर जिना चढणाऱ्याची मांडी झाली. जिना कोण चढतं?"

मी तोंड उघडायच्या आत भिंगरी म्हणाली, "मीच. आज्जीची पाठ मोडली ना, तेव्हापासून मलाच सगळीकडे जावं लागतं. किल्लीपण मीच आणते."

मोजणारी केस कानामागे सारायचे विसरली. पेटीवाला घसा खाकरून म्हणाला, "आजी, तुमचा पाय बघू?" मी पाय पुढे केला. पडद्यावर माझी पोटरी आली. त्याने दोन बोटांनी अंतर दाखवलं. "उतरली हो तुमची."

आधी सूनबाई हसली. किती दिवसांनी! मग सगळेच. मीही हसले, आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेले. दूध गॅसवर नव्हतंच. ओट्याला धरून थोडा वेळ उभी राहिले. सात वर्षं मी हिला खाली ठेवलं नाही. लोक म्हणायचे, आजी असावी तर अशी.

बाहेर आले तेव्हा त्यांचं मोठ्या डॉक्टरांशी बोलणं झालं होतं. डॉक्टर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तिसरं माप बघून ठरवू, तोवर रोज व्यायाम आणि रोज जिना. पेटीवाल्याने जाताना भिंगरीला टाळी दिली आणि चौकटीला डोकं आपटलं.

२८ मार्च, शनिवार

सूनबाईने खोकं कपाटावरून काढलं. बूट घातले नाहीत, दाराशी ठेवलेत. भिंगरी येता-जाता त्यांना पायाने ढकलते.

सकाळी घरात कोणी नव्हतं तेव्हा मी धुण्याची भरलेली बादली उचलून बघितली. एका दमात न्हाणीघरातून गॅलरीत. पाठीत काही म्हणजे काही नाही. पुन्हा उचलून आत आणली. ठणठणीत आहे. आठवडा झाला असेल.

दुपारी बसमधून उतरल्यावर भिंगरीने जिन्याखाली दोन्ही हात वर केले. फार दिवसांनी केले. "आज्जी, आज खूप दमलेय. उचल ना." घामाने केस कपाळाला चिकटलेले. माझे हात आपणहून पुढे गेले होते. मग मी एका हाताने कंबर धरली, दुसऱ्याने कठडा, आणि असं कण्हले, की शिवणवाली तिसऱ्या मजल्यावरून खाली डोकावली.

"काय झालं मावशी? पाठ अजून बरी नाही?"

"कसली बरी होतेय गं," मी म्हटलं, "काही खरं नाही तिचं."

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. मग कठडा धरला. "चल आज्जी, तू हळूहळू ये. मी वर जाऊन दार उघडते."

ती वर गेली. मी खाली उभी राहून तिच्या पावलांचा आवाज ऐकत होते, मधे थांबायचा, पुन्हा यायचा. कंबरेवरचा हात मी काढला नाही.

पाहुणे १२ मे, मंगळवारी सकाळी दहाला येतो म्हणाले आहेत. तोवर दुखणारच.